काट्यावर ये

कारखाना गेट, जि. धाराशिव
मंगळवार, १५ जुलै २०२५

शंभू,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचे असतात. ते मी राखून ठेवलेत. आधी उत्तर दे, मग पोचतील.

अप्पांचं नाव तू कुणाला दिलंस?

फोनवर विचारता आलं असतं, पण तुझा नंबर मी बंद करून ठेवलाय आणि तो उघडायचा माझा विचार नाही. शिवाय फोनवर तू लांबलचक 'अक्का' म्हणतोस आणि माझा निम्मा राग तिथंच उतरतो. कागदावर तसं होत नाही. म्हणून पुण्याच्या पत्त्यावर हे पत्र.

झालं असं. सध्या माझ्या खानावळीत जेवायला येतात ते कारखाना कापणारे. भंगाराच्या ठेकेदाराची माणसं, गॅसकटर घेऊन लातूरकडून आलेली. तू पुण्याला गेलास तेव्हा कारखाना नुसता बंद होता. आता तो तुकड्या-तुकड्यानं ट्रकात चढतोय. ऊस चिरडायचे मोठे रूळ आधी गेले, मग साखर वाळवायची यंत्रं गेली. कुणामुळं बंद पडला ते विचारू नको, गेटवर जेवढी माणसं उरलीत तेवढी उत्तरं आहेत. एके काळी मी उसाच्या गाडीवानांना, पाळीवरून सुटलेल्या कामगारांना वाढायचे. आता जे हात तोच कारखाना कापतात त्यांच्या ताटात भाकरी टाकते. पोटाला भूक लागते, ती कुणाची हे मी विचारत नाही.

त्यांच्यात रामकिसन म्हणून एक आहे. तोंडाळ, पण मनानं बरा. काल जेवता जेवता म्हणाला, "मावशे, तुमच्या बायपासच्या शाखेत चटणी लई झणझणीत असती. हितंच का कमी?"

मी म्हटलं, माझी कसली शाखा? मला एक चूल आवरत नाही. त्यानं हात पुसला आणि मोबाईलवर फोटो काढून दाखवला. हिरवा-पिवळा बोर्ड, रात्री उजळणारा असावा. 'धोंडप्पा खानावळ, मूळ गेटवाले.' आणि बाजूला आपले अप्पा. डोक्याला पटका, कपाळावर विभूती.

तो फोटो कुठला ते तुला सांगायला नको. यात्रेत काढलेला. त्यात मी अप्पांच्या शेजारी उभी आहे, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. बोर्डावर मी नाही. कुणीतरी मला कापून काढलंय. पण खांद्यावरची माझी बोटं काही त्याला काढता आली नाहीत. अप्पा एकटेच हसतायत आणि खांद्यावर कुणाची तरी चार बोटं.

या फोटोच्या प्रती दोनच. एक माझ्या पिठाच्या डब्याच्या वर लटकते, ती अजून तिथंच आहे. दुसरी तू पुण्याला नेलीस. आता हातच्या काकणाला आरसा कशाला?

दैवशालाला विचारलं. माझ्या हाताखाली भाकऱ्या थापता थापता जिचे केस पांढरे झाले ती दैवशाला, तुला लहानपणी कडेवर घेऊन फिरायची. म्हणाली, "म्या कशाला जाते अक्का बायपासला." आता बघ, सोमवारचा बाजार गेल्या वर्षापासून बायपासला भरतो आणि दर सोमवारी भाजी हीच आणते. मग ती भाजी काय उडत येते?  शिवाय ती परातीकडं बघत बोलली, माझ्याकडं नाही, हे मी टिपून ठेवलं.

मी स्वतः बायपासला पाय ठेवलेला नाही, ठेवणारही नाही. तो चार पदरी रस्ता झाला आणि सगळं तिकडं पळालं. एसटी आता गेटपर्यंत येत नाही. बँक तिकडं गेली. सायकलवाला, शिंपी, चष्मेवाला, एकेक करून सगळे गेले. जाताना कुणी जातो म्हणून सांगत नाही, हे मला जास्त लागतं. 'जरा बघून येतो तिकडं' म्हणतात आणि पुढच्या आठवड्यात इथला बोर्ड उतरलेला असतो.

तू तरी सांगून गेलास. अप्पांना माती देऊन आलो त्याच दिवशी, ओट्यावर बसून, पाव्हण्यांच्या देखत. "गेट मेलंय अक्का. मड्याला किती दिस जेवू घालणार?" हे वाक्य मी विसरलेले नाही. ज्याला तू मडं म्हणालास त्याच्या नावाची पाटी आता चालते कशी, एवढंच मला कळव. नाव विकलंस की कुणा भिडूला फुकट दिलंस?

खरं लिही. पिठातला खडा आणि तुझं खोटं, दोन्ही मला दाताखाली लगेच कळतात.

उमा


कारखाना गेट
मंगळवार, २९ जुलै, नागपंचमी

शंभुलिंग,

पूर्ण नाव लिहिलंय यावरून काय ते समज.

आज पंचमी. चिरायचं नाही, भाजायचं नाही, तवा ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडून ठेवली आणि हात मोकळा झाला म्हणून कालची गोष्ट कालच्या रागात लिहिते आहे.

शुक्रवारी दैवशालाच्या मोबाईलवर तुझा निरोप आला. तिनं वाचून दाखवला. 'अक्का, सोमवारी दुपारी काट्यावर ये. समोरासमोर सगळं सांगतो.' पहिली गोष्ट मनात आली ती ही की तुझ्याकडं दैवशालाचा नंबर कसा? ती म्हणाली, "असंल जुना." तिनं पहिला मोबाईलच गेल्या दिवाळीत घेतलाय, तू गेल्यावर.

दुसरी गोष्ट, घरी का नाही आणि काट्यावर का? मग वाटलं, असू दे, पोराला जुनं आठवलं असेल. उसाच्या गाड्या वजनाला लागायच्या तेव्हा काट्यापासून मारुतीच्या देवळापर्यंत रांग असायची. अप्पांचे डबे घेऊन आपण दोघं जायचो. तू त्या लोखंडी पाटावर उड्या मारायचास आणि काट्याचा बाबू खिडकीतून ओरडायचा की एवढ्याशा पोराचं वजन आमच्या काट्याला दिसत नाही. तुला ते लागायचं आणि तू आणखी जोरात उडी मारायचास. हे सगळं आठवून मी जरा विरघळले. खोटं कशाला सांगू.

तर काल गेले. श्रावणातला पहिला सोमवार, कडक उपास. इरकलीचं पातळ काढलं, तेही तुझ्यासाठी. काट्यावर आता काही नाही. पाट कापून नेलाय, नुसता खड्डा राहिलाय, त्यात हिरवं पाणी आणि कडेनं गाजरगवत. बाबूच्या खोलीची खिडकी कुणी चौकटीसकट काढून नेली. मी लिंबाखाली दगडावर बसले. ऊन फिरलं तशी मीही दगडाभोवती फिरले. शेळ्या चरायला गेल्या, शेळ्या परत आल्या. राखणदार येऊन विचारून गेला की अक्का, कुणाची वाट बघता. मी म्हटलं, कुणाची नाही, पाय दुखला म्हणून टेकले.

तू आला नाहीस.

परत येताना डोक्यात एकच घोळत होतं. तुला मला भेटायचं नव्हतंच. मला दुपारभर खानावळीतून बाहेर काढायचं होतं. घरी आले तर कडी बाहेरून लावलेली आणि दैवशालाचा पत्ता नाही. मागून आली, म्हणाली, बहिणीचा गुडघा धरलाय, जाऊन आले. आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी मी वरच्या फळीवर ठेवते ती खाली, निम्मी झालेली. कुठंतरी पाणी मुरतंय शंभू आणि ते तुझ्या पायाखालून येतंय.

कापणारे मात्र आजही कापतायत. बॉयलर उघडलाय. मी रामकिसनला म्हटलं, अरे आज पंचमी, आज काही कापायचं नसतं. म्हणाला, "मावशे, लोखंडाला कुठं नाग डसतोय." आणि दिंडं मागून मागून खाल्ली. बाहेर लोखंड कापल्याचा आवाज आणि आत मी विळीसुद्धा उघडत नाही.

आला ताकाला आणि भांडं लपवतो, असली माणसं मला चालत नाहीत. ताक हवं असेल तर भांडं पुढं कर. जागा हवी आहे का तुला? नाव झालं, आता गेटचं दुकानही पाहिजे?

उमादेवी धोंडप्पा


कारखाना गेट
शुक्रवार, ८ ऑगस्ट

शंभू,

उद्या राखीपौर्णिमा. पाकीट चाचपू नको, त्यात काही नाही.

परवा दैवशालाच्या मोबाईलवर तुझं उत्तर आलं. 'अक्का, मी सोमवारी दुपारपासून काट्यावर उभा होतो. तू आली नाहीस. तुझं मन नाही, समजलो.'

ऐकून मी हातातली परात खाली ठेवली. ज्या जागी मी दुपारभर दगडावर बसले त्या जागी तू उभा होतास म्हणे. मग मला शेळ्या दिसल्या, राखणदार दिसला, तू कसा दिसला नाहीस? का मी दिसले नाही तुला? लहानपणी काट्याला तुझं वजन दिसत नव्हतं, आता माझं दिसत नाही वाटतं. शंभू, खोटं बोलावं, पण ज्याच्याशी बोलायचं त्याला निदान दुसरीकडं तरी पाठवावं. मी तिथं होते.

दैवशाला निरोप वाचताना रडायला आली. तिला कशाचं रडू? मी विचारलं तर म्हणाली, "तुमी दोघं बी खरं बोलताव अक्का, म्हणून." हे असलं बोलणं मला आवडत नाही. दोघं खरे असतील तर भांडण कशाचं आहे? मी तिच्यावर नजर ठेवून आहे. रोज दुपारची भांडी झाली की बहिणीचा गुडघा. येते तेव्हा पदराला रॉकेलसारखा वास असतो. माझ्याकडं चूल, लाकडं. असला वास धाब्यावरच्या डिझेलच्या भट्टीचा असतो. बहिणीच्या गुडघ्याला कुणी भट्टीवर शेकत नाही. पण तिला काढून टाकलं तर बोलायला कोण उरेल, या भीतीनं गप्प बसते. हे मी तुला का लिहिते आहे, कळत नाही.

आज पोस्टात गेले होते. अमरसिंह मास्तर म्हणजे आपले पोस्टमास्तर. तिकीट लावता लावता म्हणाले, हे ऑफिसही हलायचं घाटतंय, बायपासला नवी इमारत होते आहे. मी म्हटलं, मग मी पत्रं कुठं टाकू? ते म्हणाले, तिकडं या की. सगळे हेच म्हणतात. औषधाच्या दुकानाला विचारलं तर तिकडं या, चप्पलवाल्याला विचारलं तर तिकडं या. जसं काही मीच कुठंतरी लांब जाऊन बसले आहे आणि गाव आपल्या जागी आहे. मी हलले नाही शंभू. माझी चूल जिथं होती तिथंच आहे. गावच माझ्या अंगणातून उठून निघून गेलं आणि वर मलाच विचारतं, तुम्ही येत का नाही?

तुला ठाऊक नसेल, आता तिकडं लोक सोयाबीन घेऊन येतात, ऊस नाही. खताची, मोबाईलची दुकानं, पोरांच्या शिकवण्या, गार हवेची हॉटेलं. पैसा येतो म्हणतात. कामगार कुणी राहिला नाही. पाळीवर जाणारी माणसं कुठं पुण्याला, कुठं हैदराबादला दारवान झाली. ज्यांना मी ताटावरच्या नावानं ओळखायचे, 'दोन भाकरी कडक', 'पिठलं पातळ', त्यातलं कुणी गेटवरून जातही नाही.

एक गोष्ट कुणाला बोलले नाही ती सांगते. मला भीती वाटते. गणपती बसायच्या आत काम उरकायचं असं ठेकेदारानं सांगितलंय. हे लोक गेले की माझ्या खानावळीत जेवायला माणूस नाही. मी रोज त्यांना वाढते आणि मनात म्हणते, हळू कापा रे. सकाळी चूल पेटवायची आणि कुणासाठी, हे माझ्याच्यानं होणार नाही.

पण म्हणून मी तुझ्यापुढं पदर पसरणार नाही, हे लक्षात ठेव. मी बायपासला येणार आहे, पण तो बोर्ड बघायला. तुझा भिडू कोण आहे ते मी माझ्या डोळ्यांनी बघते आणि मग तुझ्याकडं बघते.

उमा


कारखाना गेट
बुधवार, २० ऑगस्ट

शंभू,

हे पत्र मी मुद्दाम पुण्यालाच टाकते आहे. तुझ्या बायकोनं नेहमीसारखा त्याचा फोटो काढावा आणि तुला मोबाईलवर पाठवावा. मला आता कळलंय.

काल मंगळवार, उपास नव्हता. दैवशाला दुपारी गुडघ्याच्या बहिणीकडं गेली आणि तिच्या पाठोपाठ मी बाहेर पडले. शिवपुत्राची अ‍ॅपे रिक्षा देवळापाशी उभी असते. त्याचा बाप काट्यावर बैलांना पाणी पाजायचा, तुला आठवेल. मी बसले. त्यानं विचारलं, कुठं उतरायचं. मी म्हटलं, मला जागेचं नाव माहीत नाही बाबा, धोंडप्पा खानावळ आहे तिथं ने.

म्हणाला, "म्हंजी काट्यावर."

मी म्हटलं, काटा तर हा मागं राहिला, तू पुढं कुठं नेतोस?

तो हसला. "अक्का, त्यो जुना. त्याला आता कोण काटा म्हणतंय? काटा म्हंजी बायपासचा. सोयाबीनच्या गाड्या मापत्यात न्हवं का तिथं. धोंडप्पा त्याच्याच समोर हाय."

पुढं तो काय बोलला मला ऐकू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं सोमवारचा तो दगड आला. मी दगडावर बसले होते तेव्हा तू तिकडं उन्हात उभा होतास. दोघंही काट्यावर. दैवशाला म्हणाली होती ते खरं होतं आणि मी तिच्या पदराचा वास घेत बसले.

तू पुण्याहून आलेला, तुला चार जण जे म्हणतात तेच तू म्हणालास. मी गेटवरून न हललेली, मला जे ठाऊक होतं तिथं मी गेले. यात चूक कुणाचीच नाही. हे लिहिताना हात जड होतो, कारण कुणाची तरी असती तर बरं झालं असतं. काट्याचं लोखंड नेलं, नेऊ दे. पण त्याचं नावसुद्धा उचलून नेलं, तिकडं दुसऱ्या कशाला तरी लावलं आणि गेटवर येऊन मला कुणी सांगितलं नाही. सगळं गाव नवा शब्द बोलतंय आणि मी एकटी जुना. शिवपुत्राच्या रिक्षात मला रडू आलं. त्यानं आरशात बघितलं आणि गाणं बंद केलं.

मग तो बायपास बघितला. काटा आहे, पण बाबू नाही. ट्रक चढतो, भिंतीवर लाल आकडे उजळतात, ट्रक उतरतो. समोर अप्पांचा बोर्ड. आधी मी माझी बोटं बघितली. मग आत गेले आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

दैवशालाच वाढायला आली. मला बघून तिच्या हातातली भाकरी ताटात पडली नाही, नुसती लोंबत राहिली. "दादा आत हायती," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, सांगू नको. वाढ.

जेवले. भाकरीचे काठ फुटलेले, पीठ मळायला घाई केली होतीस. चटणीत लसूण इतका की शेंगदाणे कुठं आहेत ते शोधावं लागतं. रामकिसनला जे झणझणीत लागलं ते तिखट नव्हे, जळका लसूण होता. आमटी मात्र बरी होती. आतून तुझा आवाज येत होता, 'चार नंबरला भाकरी गेली का' म्हणून. तो शब्द तुझा, पण आवाज अप्पांचा. पडद्याच्या फटीतून पाठ दिसली. शंभू, तू किती वाळलास. सदरा खांद्यावरून लोंबत होता. मला उठून आत यावंसं वाटलं आणि मी पाणी पिऊन बाहेर पडले. इतक्या दिवसांचा संशय माझ्याच्यानं एका ताटावर सोडवला नाही.

परत येताना दैवशाला माझ्याबरोबर रिक्षात बसली आणि सगळं ओकली. तुझ्या कंपनीनं माणसं कमी केली त्यात तू गेलास. जेठ महिन्यात इथं आलास. प्रेमा आणि पोरं शाळेसाठी तिकडंच. म्हणजे मी पुण्याला पत्रं टाकत होते आणि तू माझ्या चुलीपासून एका रिक्षाच्या अंतरावर होतास. चटणी दैवशाला माझ्या बरणीतून चाखायला म्हणून आणून देत होती, तशी तुला जमावी म्हणून. सगळ्या गावाला माहीत होतं. मला नव्हतं.

मी तिला विचारलं, मग समोर का आला नाही? तिनं तुझंच बोलणं सांगितलं, तुझ्याच चालीवर. "गेटला मडं म्हणलो गं दैवशालाबाई, आन् आता त्याच गेटचं नाव लावून पोट भरतोय. अक्काला तोंड कसं दाखवू?"

ऐकून मला बरं वाटलं. लपवत नाही. सूड उगवल्यासारखं बरं वाटलं, देवळापर्यंत. मग देवळापाशी उतरले, समोर माझं दुकान दिसलं, आत कुणी नव्हतं आणि ते बरं वाटणं कुठंतरी गेलं.

माझा सगळा संशय अजून गेलेला नाही. नाव नेताना मला का विचारलं नाहीस? फोटोतून मला का कापलंस? बोर्डवाल्यानं कापलं असं सांगशील. बोर्डवाल्याला फोटो कुणी दिला? याचं उत्तर मोबाईलवर नको.

उमा


कारखाना गेट
रविवार, २४ ऑगस्ट

शंभू, अनेक आशीर्वाद.

हे पत्र दैवशालाच्या हातात देते आहे. आता तिच्या मागं नजर लावून मी फिरत नाही. तिलाच म्हटलं, माझ्याकडची भांडी झाली की राजरोस जा.

मंगळवारी चिमणी पाडणार आहेत. आज ठेकेदाराचा माणूस येऊन सांगून गेला की गेटवरच्या सगळ्यांनी सकाळपासून घरं सोडायची, देवळाच्या पलीकडं थांबायचं. सगळ्यांनी म्हणजे कोण, मी, मास्तर आणि पुजारी. त्याच दिवशी ती माणसं सामान आवरून लातूरला जाणार. रामकिसन विचारत होता, "मावशे, परवापास्नं कुणाला वाढणार?" त्याला म्हटलं, तुला काय करायचंय, गप जेव. 

तू त्या दिवशी ओट्यावर म्हणालास ते अर्धं खरं होतं. गेट मेलं असेल. पण मड्याला मी जेवू घालत नव्हते रे. जोवर एकजण तरी भुकेला येत होता तोवर मी चूल विझवायची कशी? अप्पांनी मला तेवढंच शिकवलं. आता उद्याचं जेवण झालं की कुणी येणार नाही. म्हणून मी आता विचार करू शकते.

तुला एक सांगते, कधी बोलले नाही. आपल्याकडं पंचमीला भाऊ मुराळी होऊन बहिणीला माहेरी न्यायला येतो. मला पहिल्या पंचमीला अप्पा न्यायला आले, तेव्हा तू दप्तर घेऊन शाळेत जायचास. तुझे दाजी गेले होते, अप्पा मला कायमचंच घेऊन आले. तेव्हापासून मी इथंच. गावातल्या बायका भावाच्या गाडीत बसून जायच्या-यायच्या आणि मी ओट्यावरून बघायचे. मी माहेरातच राहिलेली, मला न्यायला कोण येणार आणि कुठं नेणार? या गोष्टीचं मला वाईट वाटतं हे मला स्वतःला काल कळलं, परात घासताना.

आता ऐक. तुझी भाकरी वाईट आहे. लसूण तू जाळतोस. तुझ्या डिझेलच्या भट्टीवर भाकरी फुगणार नाही, मागं अंगणात चूल घालावी लागेल, ती मी घालीन. रामकिसनसारखी माणसं हसून खातात, पण सोयाबीनवाले आज आले आणि उद्या शेजारच्या हॉटेलात जातील. दैवशाला एकटी तुला पुरी पडणार नाही, तिचेही हात आता थकलेत. तुझं कर्ज किती, भाडं किती, मी विचारत नाही. पण अप्पांचं नाव वर लावून खाली असं ताट वाढायचं, हे मला चालणार नाही.

अप्पांना तू माझ्या परवानगीशिवाय नेलंस. राग आहेच. तो काही दिवस राहील, आणि तुझ्या भट्टीपाशी उभी राहून मी तो काढीन, गिऱ्हाइकांच्या देखत काढीन, तयारी ठेव.

मंगळवारी सकाळी ये, चिमणी पाडायच्या आधी. मला ती एकटीनं बघायची नाही. टेम्पो घेऊन ये, परात आणि पिठाचा डबा रिक्षात मावत नाही. दारात उभा राहा, ओट्यावर चढू नको. तिथूनच हाक मार आणि 'अक्का, चल' म्हण.

मी आधी नाही म्हणेन. तू पुन्हा म्हण.

अक्का